कोठाराची किल्ली

पी. एम. किसान योजनेचे वार्षिक ६००० रुपये २०१९ सालापासून परस्पर बँकेंत जमा होतात, हें भामट्यांनीं नेमकें हेरलें आहे. योजनेच्या नांवाची ‘एपीके’ फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर येते. ती बसवून मागितलेल्या परवानग्या दिल्या, कीं बँकेचा ओटीपी चोरास दिसूं लागतो. ठाण्याच्या वर्तकनगरांत राहून गांवची शेती पाहणाऱ्यांसहि हा धोका आहेच. कोठाराची किल्ली आपण परक्यास देत नाहीं. मग ही कां द्यावी?

तथापि फसलेल्यास हसण्याची आपली रीत चोरांच्याच पथ्यावर पडते. माणूस लाजेनें गप्प राहतो आणि तोंवर पैसा खात्यामागून खात्यांत फिरून नाहींसा होतो. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविल्यास तो वाटेंतच गोठविला जाण्याचा संभव असतो. म्हणून शेतकरी बंधूंनीं लाज सोडावी, विलंब टाळावा.