तुरुंगाच्या वहीतले नाव

दरवर्षी १७ सप्टेंबर जवळ आला, की मला आमच्या नांदेडच्या गल्लीतले नाना आठवतात. झेंडावंदनाला ते स्वच्छ धोतर, डोक्यावर टोपी अशा वेशात सर्वांत आधी हजर असत, पण सत्काराच्या खुर्चीत ते कधी बसले नाहीत. रझाकारांच्या काळात पत्रके पोचवताना ते पकडले गेले होते. सात-आठ महिने तुरुंगात काढले होते. गावाला ते ठाऊक होते. कागदाला मात्र ठाऊक नव्हते.

स्वातंत्र्यसैनिकांसाठी केंद्र सरकारची पेन्शन योजना १९७२ साली आली. किमान सहा महिने कारावास भोगल्याचा पुरावा हवा, अशी तिची अट होती. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या लोकांनीही अर्ज केले. नानांचा अर्ज मीच लिहून दिला होता. कचेरीतून उत्तर आले, ‘अभिलेख उपलब्ध नाही.’ सोबतच्या कैद्याचा दाखला चालेल म्हणाले, तर सोबती केव्हाच वारलेला. एका मध्यस्थाने पैसे घेऊन दाखला आणून देण्याची तयारी दाखवली. नानांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावले. मला म्हणाले, “आत घालताना कुणी पावती दिली नव्हती, बाबा. आता बाहेर कुठून आणू?”

नानांच्या या प्रश्नाला उत्तर होते. पावती दिली नव्हती, पण नोंद झालेली असणारच. कोणताही तुरुंग वहीशिवाय चालत नाही. ब्रिटिश मुलखात १८९४ च्या तुरुंग कायद्याने कोणकोणत्या वह्या ठेवायच्या हे सांगून टाकले होते : आत आलेल्यांची, सुटकेच्या तारखांची, शिक्षांची, भेटीला आलेल्या पाहुण्यांच्या शेऱ्यांची, कैद्याकडून काढून घेतलेल्या पैशांची आणि वस्तूंची. निजामाचे राज्य वेगळे, कारभार उर्दूत. पण माणूस कोंडायचा तर तो मोजावा लागतो, हे तिथेही चुकत नव्हते.

मग या वह्या गेल्या कुठे? इथे मराठवाड्याचा भूगोल आडवा येतो. आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हा बिदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबादेत होते. लातूर उस्मानाबाद जिल्ह्याचा एक तालुका. त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. उदगीरचे आर्य समाजाचे पुढारी भाई श्यामलाल १९३८ च्या अखेरीस बिदरच्या तुरुंगात मरण पावले. त्यांचे स्मारक उदगीरला, मृत्यू बिदरला आणि राजधानी हैदराबादला. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत माणसे आणि जमिनी वाटल्या गेल्या, तशी एका माणसाची कहाणीही तीन राज्यांत विभागली गेली. निजामकाळातली मध्यवर्ती दप्तरे आज हैदराबादच्या तारनाका भागातील पुराभिलेखागारात आहेत. नांदेडच्या शेतकऱ्याच्या नातवाने तिथे जाऊन शोधायचे कसे?

आणि गेला तरी वाचायचे कसे? उर्दू लिपीत मराठीच्या ‘ळ’ला अक्षर नाही, ऱ्हस्व स्वर बहुधा लिहितच नाहीत. ‘काळे’ वहीत ‘काले’ होतात. घाईत लिहिलेल्या शिकस्ता अक्षरात तर गावाचे नावही ओळखू येत नाही. वही असते, माणूसही त्यात असतो. पण त्याला हाक मारणारे कुणी नसते.

मोठ्या माणसांचे असे होत नाही. स्वामी रामानंद तीर्थ १९३८ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, त्याच दिवशी ते पुन्हा पकडले गेले. मध्ये काही आठवडे सुटका, पुन्हा २६ जानेवारी १९४८ ला अटक, आणि पोलीस कारवाईनंतरच मुक्तता. स्वामीजींनी आठवणी लिहिल्या. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. नानांसाठी मात्र तुरुंगाची वही हेच एकमेव पुस्तक होते.

त्या वह्या केवळ आपल्याच बाजूची कहाणी सांगतील असे मात्र नाही. पोलीस कारवाईनंतर तुरुंगातली माणसे बदलली. लातुरात वकिली केलेले रझाकारांचे पुढारी कासीम रझवी १९५७ पर्यंत कैदेत होते. त्यांच्यामागे कितीतरी साधे लोकही आत गेले असतील. कोण अपराधी आणि कोण केवळ सापडला म्हणून, हेही कागदच सांगू शकतील. अभिलेखाला जात-धर्म नसतो, म्हणून तर तो जपायचा.

नोंद नसली की काय होते, हेही आपण पाहिले आहे. बीड जिल्ह्यातले बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले, न्यायमूर्ती पालकर आयोग नेमावा लागला. खऱ्याला दाखला मिळत नाही आणि खोट्याला मिळतो, तेव्हा नुकसान केवळ तिजोरीचे होत नाही.

कुणी म्हणेल, झाले गेले ते झाले. पण तुरुंगाची वही आजही रोज लिहिली जाते. २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यांतले दर चारांपैकी तिघे कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा सिद्ध व्हायचा आहे असे. किती दिवस झाले, जामीन का अडला, हे त्या कागदावरच अवलंबून. १९१९-२० च्या कार्ड्यू समितीने कैद्याची सुधारणा हे तुरुंगाचे ध्येय मानले. १९३९ साली औंधच्या राजांनी स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत उभारली. ‘दो आँखें बारह हाथ’ आपण सर्वांनी पाहिला आहे. १९८०-८३ च्या मुल्ला समितीनेही पुष्कळ सांगितले. तरी तुरुंगाच्या वहीतला जातीचा रकाना काढून टाका, असे सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ ला सांगावे लागले. योगायोग असा, की तो स्वामीजींचा जन्मदिवस.

म्हणून मागणे साधे आहे. हैदराबाद, बिदर, गुलबर्गा, जिथे कुठे मराठवाड्यातल्या कैद्यांच्या नोंदी असतील, त्यांच्या प्रती शासनाने इथे आणाव्यात. नांदेड-लातुरात उर्दू उत्तम वाचणारी वडीलधारी मंडळी अजून आहेत. विद्यापीठाने त्यांच्या शेजारी विद्यार्थी बसवावेत, नावे गाववार देवनागरीत उतरवावीत. हे काम फार खर्चाचे नाही, पण फार दिवस थांबणारेही नाही.

नाना गेले त्याला बरीच वर्षे झाली. त्यांच्या घरच्यांना आता पेन्शन नको आहे. त्यांच्या नातीने मागे एकदा एवढेच विचारले, “काका, आजोबांचे नाव कुठे लिहिलेले बघायला मिळेल का हो?” मला वाटते, लिहिलेले आहे. ते वाचून दाखवणे आपल्याकडे बाकी आहे.