फडावरचा मोबाईल आणि ट्रॅक्टरची बॅटरी

(द्वितीय वर्ष, कला)

ऊसतोड कामगारांच्या प्रश्नांवर बोलायचे म्हटले की उचल, मुकादम आणि मुलांच्या शाळेची आबाळ यांवर भाषणे होतात. ती व्हायलाच हवीत. पण एका लहानशा प्रश्नाबद्दल मी आजवर कुणालाही व्यासपीठावरून बोलताना ऐकलेले नाही. फडाशेजारी कोप्या पडल्या की तिथे मोबाईल चार्ज कुठे करायचा? काही वाचकांना हा प्रश्न हसण्याजोगा वाटेल. ज्यांच्या खोलीत भिंतीला तीन प्लग आहेत त्यांना तो तसा वाटणारच.

माझे आई-दादा दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात तोडीला जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. चार-पाच महिने त्यांचे घर म्हणजे कोपी. तिथे विजेचा खांब दिसतो, पण त्याची तार विहिरीवरच्या मोटारीला गेलेली असते. मी इथे वसतिगृहात असते. दादा रोज काट्याच्या पावतीचा फोटो मला पाठवतात आणि मी वहीत टनांची बेरीज करते. उचल किती फिटली याचा हिशेब पूर्वी फक्त मुकादमाच्या वहीत असायचा. आता तो माझ्याही वहीत असतो. मोबाईल बंद पडला की त्या दिवसाची पाने कोरी राहतात. गेल्या हंगामात अशी अकरा पाने कोरी राहिली. मग हिशेबाच्या दिवशी मुकादम सांगेल तो आकडा खरा.

तळावर विजेचा साठा म्हणावा असा एकच असतो, तो म्हणजे ट्रॅक्टरची बॅटरी. संध्याकाळी तिच्याभोवती मोबाईल घेऊन माणसे उभी राहतात आणि डायव्हर म्हणतो, "बॅटरी उतरल, सकाळी गाडी चालू व्हायची न्हाई." हे कितपत खरे आहे, याचा हिशेब मी करून पाहिला. विज्ञान मी दहावीपर्यंतच शिकले, पण व्होल्टला अँपिअरने गुणले की वॉट होतात एवढे या कामाला पुरते.

ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते. ती ८० अँपिअर-तासांची धरली तर तिच्यात सुमारे ९६० वॉट-तास वीज मावते. हल्लीच्या साध्या मोबाईलची बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे सुमारे १९ वॉट-तासांची. वाटेत वाया जाते ती धरून २५ म्हणू. सहा मोबाईल पूर्ण भरले तरी १५० वॉट-तास, म्हणजे बॅटरीचा सहावा हिस्सा गेला. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर कारखान्यापर्यंत जाऊन येतो तेवढ्यात इंजिन तो भरून काढते. म्हणजे बॅटरी चांगली असेल तर सहा मोबाईलनी गाडी बंद पडत नाही.

तरीही डायव्हरची भीती अगदीच खोटी आहे असे मी म्हणणार नाही. काही तळांवर बॅटरीला इन्व्हर्टर लावून रात्रभर टीव्ही नाहीतर स्पीकर चालवतात. तिथे १२ व्होल्टचे २३० करायचे आणि उपकरणाने ते पुन्हा खाली आणायचे, यात वीज दोनदा वाया जाते. ४० वॉटचे उपकरण दहा तास चालले तर जवळजवळ अर्धी बॅटरी संपते आणि डिसेंबरातल्या थंडीत पहाटे इंजिन खरोखरच कुरकुरते. शिशाची बॅटरी वारंवार अशी खाली गेली तर तिचे आयुष्यही घटते. बॅटरी मालकाची आणि बोलणी डायव्हरला. म्हणून मोबाईलसाठी १२ व्होल्टवरून थेट ५ व्होल्ट देणारा गाडीतला चार्जरच वापरावा, आणि इंजिन बंद असताना बॅटरी १२ व्होल्टच्या खाली गेली की थांबावे. आणखी एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. नुसत्या तारा बॅटरीला गुंडाळून चार्जिंग करतात, त्यात फ्यूज नसतो. खाली पाचट, वर कोपीला वाढ्यांचे छप्पर. एक ठिणगी पुरे. धन टोकाजवळ लहानसा फ्यूज बसवायला फार खर्च येत नाही.

पण हा सगळा शहाणपणा ट्रॅक्टर तळावर असेल तेव्हाचा. गाड्यांची रांग लागली की तो रात्ररात्र कारखान्याच्या आवारात उभा असतो. बैलगाडीवाल्यांकडे तर बॅटरीच नाही. मग गावातल्या टपरीवर एका चार्जिंगला दहा रुपये द्यायचे. एका युनिटमध्ये असे चाळीस मोबाईल भरतात, म्हणजे आमची माणसे युनिटला चारशे रुपये मोजतात! शहरात कुणी युनिटला शंभर रुपये मागितले तर मोर्चा निघेल.

यातली मला सर्वांत टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको मिळून, दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतात. टनामागे पाव टनाहून अधिक चिपाड निघते. महाराष्ट्रातले कितीतरी कारखाने ते जाळून वीज करतात, स्वतःची गरज भागवतात आणि उरलेली विकतात. ज्यांच्या कोयत्याखालून ते चिपाड आले त्यांनी एका मोबाईलसाठी डायव्हरची मनधरणी करावी, हे मला पटत नाही.

कारखान्याच्या जागेवर जे तळ पडतात तिथे एक बोर्ड आणि दहा प्लग देण्यास काय हरकत असावी? दूरच्या फडांवर प्रत्येक दोन कोप्यांमागे २० वॉटचे सौर पॅनेल आणि लहान बॅटरी दिली तर दोन मोबाईल आणि रात्रीचा एक दिवा भागतो. आमचा हंगाम थंडी-उन्हाळ्याचा, आभाळ बहुधा निरभ्रच. पॅनेलवरची धूळ तेवढी रोज पुसावी लागेल. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने आणि कारखान्यांनी मिळून हे करावे. चार्जिंग ही मुकादमाची मेहेरबानी न राहता कराराच्या कागदावर यावी, अशी माझी मागणी आहे.

यंदा उचल घेताना दादांनी हे बोलून पाहिले. मुकादम हसला आणि "पुढच्या वर्षी बघू" म्हणाला. फ्यूज आणि गाडीतला चार्जर मात्र मी इथूनच घेऊन त्यांच्या पेटीत ठेवला आहे.