कोथरूडच्या आजीला मावशी आहे, ताडीवाला रोडच्या आजीला कोण?

सकाळी साडेसातच्या पीएमपीत बसून पाहा. येरवडा, ताडीवाला रोड, रामटेकडी, दांडेकर पूल इथून निघालेल्या आपल्या कितीतरी मावश्या कोथरूड, औंध, बाणेरकडे चाललेल्या असतात. त्यातल्या अनेकींचे काम 'ब्युरो'मार्फत मिळालेले असते. आजीला अंघोळ घालायची, डायपर बदलायचा, भरवायचे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलायची. बारा तासांची ड्युटी. आणि यातल्या काहींची स्वतःची आई त्याच वेळी दहा बाय दहाच्या खोलीत शेजारणीच्या भरवशावर पडून असते.

वस्त्यांमधल्या कार्यकर्त्यांना आता हा प्रश्न वरचेवर विचारला जातो: अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी सरकार घरी माणूस देते का? खरे उत्तर आधी सांगतो. ज्येष्ठांच्या घरी येणाऱ्या काळजीवाहूचा पगार दरमहा देणारी योजना आपल्याकडे नाही. आहेत ते तुकडे, तेही वेगवेगळ्या खिडक्यांवर.

पहिला तुकडा पैशाचा. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेत ६५ वर्षांवरील निराधारांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अट अशी की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. म्हणजे महिन्याला १,७५०, दिवसाला साधारण ५८ रुपये. पुण्यात चार घरची धुणीभांडी करणारी बाईसुद्धा या रेषेच्या वर जाते. मग खोटा दाखला काढा, नाहीतर अर्जच करू नका, असे दोन रस्ते गरिबासमोर ठेवायचे आणि वर त्यालाच लबाड म्हणायचे! दिवसरात्र राहणारी मावशी ठेवायची तर श्रावणबाळच्या वर्षभराच्या १८,००० रुपयांत महिनाही निघणे कठीण. तरीही जे अटीत बसतात त्यांनी तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेत अर्ज करावाच. आधार बँक खात्याला जोडलेले आहे का, हे आधी तपासा.

दुसरा तुकडा साधनांचा. २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील आणि दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या व्यक्तीला एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळतात. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, व्हीलचेअर, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी ही रक्कम आहे. रक्कम छोटी, पण सार्वजनिक शौचालयापर्यंत चालू न शकणाऱ्या माणसाला कमोड खुर्चीने काय फरक पडतो ते वस्तीत राहणाऱ्यालाच कळेल. चौकशी विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात करता येते.

तिसरा तुकडा दवाखान्याचा, आणि गोंधळ सर्वांत जास्त इथेच आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान योजनेत पाच लाखांचे संरक्षण आहे. कार्ड जरूर काढा. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच चालते. घरी आल्यावरची औषधे पंधरा दिवसांपर्यंतच. पक्षाघाताचा माणूस तर पंधरा दिवसांनीच खरा घरच्यांच्या अंगावर येतो.

घरपोच सेवेच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट मात्र आपण मागतच नाही. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी आरोग्य कर्मचाऱ्याने जावे, घरच्यांना काळजी कशी घ्यायची ते शिकवावे, असे त्यात अपेक्षित आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीतही ज्येष्ठांची आणि वेदनाशामक काळजी आहे. वस्तीच्या दवाखान्यात जाऊन एवढेच विचारा: आमच्या भागातल्या खिळलेल्या माणसांची यादी तुमच्याकडे आहे का? नसेल तर ती आपणच करून द्यावी आणि पोच घ्यावी. कागदावर नाव चढल्याशिवाय आशाताईलाही कोणाकडे जायचे ते कळत नाही.

हे अशक्य नाही. केरळने २००८ मध्ये वेदनाशामक काळजीचे धोरण केले आणि तिथल्या स्थानिक संस्थांच्या नर्स घरोघर जातात. खिळलेल्या माणसाची काळजी घेणाऱ्या नातेवाइकालाही तिथे आश्वासकिरणम योजनेतून मासिक मदत ठेवलेली आहे. तामिळनाडूत २०२१ पासून औषधे आणि फिजिओथेरपी घरापर्यंत नेण्याची योजना चालते.

आपल्याकडे चर्चा मात्र २००७ च्या पालक पोषण कायद्यापाशी थांबते. मुलगा सांभाळत नसेल तर प्रांताच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी मिळू शकते. छळ होत असेल तिथे हा कायदा वापरलाच पाहिजे. पण आपल्या वस्तीतला मुलगा बहुतेक वेळा निर्दयी नसतो, तो कंत्राटी ड्युटीवर असतो. त्याच्याकडून पोटगी मागून आईची कूस कोण बदलणार?

महावग्गात अतिसाराने आजारी, स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूची हकिगत आहे. तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता म्हणून बाकीचे त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदासोबत त्याला धुतले, मंचावर निजवले. ही गोष्ट आपण करुणेची म्हणून सांगतो, पुढचा भाग गाळतो. त्यानंतर संघाला बोलावून नियम झाला: उपाध्याय, आचार्य, शिष्य, कोणीच नसेल तर सेवा संघाने करायची, न केल्यास तो दोष. म्हणजे काळजी कोणाच्या मनाच्या मोठेपणावर सोडलेली नाही, जबाबदारी लावून दिली आहे. संविधानाचे कलम ४१ हेच राज्याला सांगते: वार्धक्य, आजार, विकलांगता यांत सार्वजनिक साहाय्य.

आपली निवेदने पुतळा, वाचनालय, शिष्यवृत्ती यांवर असतात, ती असावीतच. त्यात एक आणखी हवे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद आहे. पक्षाघाताने कायमचे अपंगत्व आलेल्या ज्येष्ठाचे यूडीआयडी कार्ड काढले की त्याच्यासाठी या कलमावर बोट ठेवता येते. केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेत काळजीवाहूंचे प्रशिक्षणही आहे. जे काम आपल्या मावश्या वर्षानुवर्षे प्रमाणपत्राशिवाय करत आल्या, त्याचे प्रमाणपत्र त्यांना मिळावे आणि मनपाने त्यांनाच मानधनावर वस्तीतल्या खिळलेल्या माणसांकडे पाठवावे, ही मागणी आम्ही मांडतो आहोत.

तोवर प्रत्येक विहारातल्या चार तरुणांनी रविवारच्या वंदनेनंतर यादीला सुरुवात करावी: नाव, वय, आजार, आधार, बँक खाते, कोणती योजना सुरू, कोणती बंद. ज्येष्ठांचा हेल्पलाइन क्रमांक १४५६७ तिथल्या फलकावर लिहावा. आणि श्रावणबाळचा हयातीचा दाखला दरवर्षी ३१ मार्चपूर्वी द्यावा लागतो. चालता न येणाऱ्यांचे पैसे त्यापायीच अडकतात, म्हणून यादीत त्याचाही एक रकाना ठेवावा.