घरातला तरुण नव्याने सुरुवात करतो तेव्हा

दिवाळी संपली की दवाखान्यात एका विशिष्ट तक्रारीचे ज्येष्ठ नागरिक अधिक दिसू लागतात. छातीत धडधडते, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, नेहमीची गोळी घेऊनही रक्तदाब उतरत नाही. तपासणीत फारसे काही सापडत नाही. मग सोबत आलेली सून किंवा शेजारी हळूच खरे कारण सांगतात. पुण्याला नोकरीत असलेला नातू सुट्टीला आला आणि परत जाण्याचे नाव काढीत नाही. म्हणतो, ‘राजीनामा दिला, आता इथेच काहीतरी करीन.’ कुठे पाच वर्षे स्पर्धा परीक्षा देऊन थकलेला मुलगा गावी परतलेला असतो. कुठे सासर सोडून आलेली नात अठ्ठाविसाव्या वर्षी परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मागत असते.

घरातल्या तरुणाने मांडलेला डाव मोडला की त्याचा पहिला धक्का घरातल्या वृद्धांच्या झोपेला बसतो. आयुष्यभर कपाशीच्या भावावर आणि पावसाच्या लहरीवर जगलेल्या माणसाला महिन्याच्या पगाराचे मोल अधिक कळते. तो पगार नातवाने आपण होऊन सोडावा, हे त्याच्या बुद्धीला पटत नाही. त्यांची ही भीती अनाठायी आहे असे मला वाटत नाही. परंतु ती कोणत्या गोष्टीची असावी आणि कोणत्या गोष्टीची नसावी, हे पाहिले पाहिजे. आणि त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातल्या एका घराकडे पाहणे उपयोगाचे ठरेल.

शेगावचे देवराव कोल्हे रेल्वेत नोकरीला होते. त्यांचे चिरंजीव रवींद्र नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून 1985 च्या सुमारास एम.बी.बी.एस. झाले. त्या काळात रेल्वेतल्या नोकरदाराच्या घरात डॉक्टर होणे म्हणजे काय असे, ते माझ्या पिढीतल्या वाचकांना सांगायला नको. शेगावात किंवा अकोल्यात दवाखाना निघेल, दारावर पाटी लागेल, मुलीकडचे लोक येऊ लागतील, असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक होते. या तरुणाच्या मनात मात्र गांधी आणि विनोबा वस्तीला आलेले होते. त्यातच डेव्हिड वर्नर यांचे ‘व्हेअर देअर इज नो डॉक्टर’ हे पुस्तक त्यांच्या हाती पडले. मेक्सिकोच्या डोंगराळ खेड्यांतील अनुभवातून तयार झालेले ते पुस्तक आहे; दवाखाना दूर असलेल्या माणसाने काय करावे, हे त्यात चित्रांसह सांगितलेले आहे. दवाखाना सर्वांत दूर कुठे आहे, याचा शोध घेत रवींद्र कोल्हे मेळघाटातल्या बैरागड या कोरकू वस्तीच्या गावी पोहोचले. अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यातले हे गाव. एस.टी. जिथे थांबे, तिथून पुढे 40 किलोमीटर पायी जावे लागे.

या हकिगतीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग मात्र पायपिटीचा नाही. जाण्याआधी त्यांनी चौकशी केली. अशा ठिकाणी काम करायचे तर काय यायला हवे, असे अनुभवी वडीलधाऱ्यांना विचारले. उत्तर मिळाले ते असे, की सोनोग्राफी आणि रक्तपेढी नसताना बाळंतपण करता आले पाहिजे, क्ष-किरण यंत्राविना न्यूमोनिया ओळखता आला पाहिजे आणि हगवणीचे उपचार करता आले पाहिजेत. त्यांनी मुंबईत सहा महिने राहून ते शिकून घेतले. मगच ते बैरागडला गेले. तिथे एक माणूस स्फोटात हात गमावून तेराव्या दिवशी त्यांच्याकडे आला. आपल्याजवळची विद्या इथे अपुरी पडते हे त्यांच्या ध्यानात आले आणि ते पुन्हा महाविद्यालयात परतले. रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्रात त्यांनी एम.डी. केले, प्रबंधाचा विषय मेळघाटातले कुपोषण हाच होता. म्हणजे या तरुणाने दोन वेळा नव्याने सुरुवात केली, आणि दोन्ही वेळा त्या सुरुवातीच्या आधी शिकणे होते. बाबा आमटे यांचेही असेच आहे. वरोऱ्याची वकिली सोडून कुष्ठरुग्णांकडे वळताना त्यांनी आधी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले होते. नुसत्या कळवळ्याने जखम भरत नाही, हे आम्हा डॉक्टरांना रोजच दिसते.

एम.डी. झाल्यावर लग्नाचा प्रश्न आला. डॉ. कोल्हे यांनी वधूसाठी घातलेल्या अटी एव्हाना पुष्कळांना ठाऊक आहेत. चाळीस किलोमीटर चालण्याची तयारी हवी, लग्न पाच रुपयांत नोंदणी पद्धतीने होईल, महिन्याचा संसार चारशे रुपयांत करावा लागेल, आणि वेळ आली तर दुसऱ्यांसाठी भीक मागण्याची तयारी हवी. चारशेचा आकडा कुठून आला? रुग्णाकडून रुपया, आणि महिन्याला साधारण चारशे रुग्ण. अनेक स्थळांनी नकार दिला. नागपुरात होमिओपॅथीचा जम बसलेला दवाखाना चालवणाऱ्या स्मिता यांनी होकार दिला, आणि चालता दवाखाना मागे ठेवून त्या बैरागडला गेल्या. खरे तर नव्याने सुरुवात कुणी केली असेल तर ती त्यांनी. डॉक्टरसाहेब निदान आपल्या मनाजोगत्या वाटेने निघाले होते. स्मिताताईंनी दुसऱ्याने आखलेली वाट आपली करून घेतली.

त्या चार अटींकडे मी एक डॉक्टर म्हणून पाहतो तेव्हा मला त्यांत ध्येयवादापेक्षा हिशेब अधिक दिसतो. एवढे किलोमीटर, एवढे रुपये. ज्या आदर्शात आकडे असतात तो आदर्श सहसा निरोगी असतो, असे माझे मत होत चालले आहे. म्हणून घरातला तरुण ‘मी नव्याने काहीतरी करणार’ असे म्हणाला, तर आजी-आजोबांनी त्याला ‘लोक काय म्हणतील’ हे विचारण्याऐवजी आकडे विचारावेत. शेळीपालन करणार? किती शेळ्या, चारा किती, पहिले उत्पन्न कितव्या महिन्यात? गावात अभ्यासिका काढणार? भाडे किती, तोवर जेवणखाण कशातून? ज्याला उत्तरे येतात, किंवा येत नसतील तर चार दिवसांत शोधून आणतो, त्याच्याबद्दल रात्री जागण्याचे कारण नाही. रागावून उठून जाणाराही वेडा नसतो. कदाचित तो थकलेला असतो. त्याला महिनाभर झोपू द्यावे, शेतात हिंडू द्यावे आणि मग पुन्हा विचारावे.

भीती बाळगायची ती वेगळ्या चिन्हांची, आणि ती चिन्हे घरात दिवसभर असणाऱ्या वृद्धांनाच आधी दिसतात. नोकरीवर असलेल्या आईवडिलांना ती संध्याकाळी दिसत नाहीत. मुलगा दुपारी बारापर्यंत अंथरुणातून उठत नाही, अंघोळ टाळतो, ताटावरून अर्धे जेवून उठतो, मित्रांचे फोन घेत नाही, पूर्वी आवडणाऱ्या क्रिकेटकडे ढुंकून पाहत नाही, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चालले आहे, तर ‘आळशी झाला’ असे म्हणून सोडून देऊ नये. ते नैराश्य असू शकते. ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास’, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ अशी वाक्ये तोंडी आली तर त्या दिवशीच डॉक्टरांकडे न्यावे आणि घरातली कीटकनाशके कुलपात ठेवावीत. आपल्या कपाशीच्या मुलखात ही शेवटची सूचना मी प्रत्येक घराला देतो. मरणाविषयी सरळ विचारले तर तो विचार त्याच्या मनात भरेल, ही समजूत खरी नाही. विचारल्याने बहुधा मोकळे वाटते.

याच्या नेमके उलट चित्रही असते आणि ते अधिक फसवे असते. तरुण अतिशय उत्साहात असतो. रात्री दोन-तीन तास झोपून सकाळी ताजातवाना, बोलणे थांबत नाही, एका दिवसात तीन धंद्यांच्या कल्पना, सगळ्या जिल्ह्याचा उद्धार आपणच करणार अशी खात्री, उधार-उसनवारी, हितचिंतकांवर चिडचिड. घरच्यांना वाटते, नातू ध्येयाने पेटला आहे. कधीकधी तो उन्मादाचा आजार असतो, आणि या आजाराची सुरुवात बहुधा याच वयात होते. फरक कसा ओळखायचा? झोप पाहावी. ध्येयाने भारलेला माणूस रात्री जागला तर दुसऱ्या दिवशी जांभया देतो. उन्मादातल्या माणसाला झोपेची गरजच वाटत नाही. उपचारांनी हा आजार आटोक्यात राहतो आणि औषध चालू असलेली माणसे शेती, नोकरी, संसार सर्व काही करतात. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर ‘टेलिमानस’च्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतही. वाचकांनी हा क्रमांक घरच्या फोनमध्ये मोठ्या अक्षरांत साठवून घ्यावा.

बैरागडच्या त्या घरातला रोजचा दिवस कसा असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. कोरकूंच्या घरासारखेच घर. सकाळी रुग्ण, पण रुग्णाबरोबर हळूहळू त्याचे पीक आणि त्याची जनावरेही दारी येऊ लागली. कारण पोटात अन्न नसेल तर औषधाचा उपयोग किती, हे पती-पत्नींना कळून चुकले होते. मग डॉ. कोल्हे यांनी शेतीचा अभ्यास केला, स्वतः शेती करून दाखवली, जनावरांचे उपचार समजून घेतले. रास्त धान्य दुकानाचे काम अंगावर घेतले. बांधकाम खात्याचे मंत्री एकदा त्यांचे घर पाहून चकित झाले आणि पक्के घर बांधून देतो म्हणाले, तेव्हा स्मिताताईंनी रस्ते मागितले, अशी हकिगत सांगतात. 2019 साली या दांपत्याला पद्मश्री मिळाली. मधली तीसेक वर्षे मात्र कुणी हार घेऊन दारात उभे नव्हते. तेव्हा ताप, जुलाब, बाळंतपणे आणि पावसाळ्यात तुटणारी वाट एवढेच होते.

त्या आयुष्यातली एक गोष्ट मात्र कुणी गिरवू नये, असे मी आवर्जून सांगेन. स्मिताताईंचे बाळंतपण बैरागडलाच झाले आणि नवजात बाळाला गंभीर जंतुसंसर्ग झाला. बाळाला मोठ्या रुग्णालयात हलवावे असे लोक म्हणत होते; गावातल्या इतर बाळांना जे उपचार मिळतात तेच माझ्या बाळाला, असा निर्णय त्या माउलीने घेतला. बाळ वाचले आणि गावाचा विश्वास कायमचा मिळाला. दोन डॉक्टर आईवडील रात्रंदिवस उशाशी असलेले ते घर होते, हे विसरू नये. आपल्या घरी बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले किंवा श्वास जोरात चालू लागला, तर 108 ला फोन करून ताबडतोब रुग्णालय गाठावे. रस्ता आता आहे.

ज्येष्ठांच्या स्वतःच्या प्रकृतीविषयी थोडे. नातवाच्या चिंतेने एखाद्या दिवशी रक्तदाब 160 भरला म्हणून गोळी परस्पर दुप्पट करू नये. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, बोलणे बंद ठेवून दोनदा मोजावा. आठवडाभराचे आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवावेत. छातीत दुखणे, दम लागणे, हातापायात एकाएकी बळ न राहणे ही लक्षणे असतील तर मात्र ती ‘टेन्शन’च्या खात्यात टाकून घरी बसू नये. झोपेची गोळी शेजाऱ्याकडून मागून घेऊ नये. वृद्धांमध्ये रात्री पडून खुब्याचे हाड मोडण्याचे ते एक कारण आहे.

आणि पैशांचे. नव्या कामाला हातभार लावायची इच्छा होते, ती चांगलीच आहे. पण औषधपाण्याची ठेव मोडून देऊ नये, आणि प्रेमाच्या भरात घर किंवा शेत बक्षीसपत्राने लिहून देऊ नये. एक वर्षाचे जेवण आणि एक खोली एवढे दिले तरी पुष्कळ झाले. त्या बदल्यात सकाळी बरोबर चहा घ्यायचा आणि आठवड्यातून एकदा आपल्याला तपासणीला घेऊन जायचे, असा करार करावा. नव्याने सुरुवात करणाऱ्याला सर्वांत जास्त गरज असते ती ठरलेल्या वेळी उठण्याच्या कारणाची, आणि आजोबांची साखर तपासायची आहे हे कारण कुणी नाकारत नाही.

कोल्हे दांपत्याचा थोरला मुलगा पुढे शेतीत उतरला. आईवडील दोघेही डॉक्टर, आणि मुलाने नांगर धरला. शेगावच्या घरात एके काळी जो प्रश्न उठला असेल, तो पुढच्या पिढीत बैरागडच्या घरातही उठला असणारच. त्या वेळी तिथे त्याला कोणते आकडे विचारले गेले असतील, ते ऐकायला मला आवडेल.