व्हॅम्पायरची गोष्ट मुलांना पूर्ण सांगा

पुण्यातल्या मुलांना लढाऊ जेट विमान पुस्तकात शोधावे लागत नाही. लोहगावहून सुखोई उडाले की आधी आवाज येतो आणि मग माना वर होतात. अशा वेळी मोठी माणसे मुलांना त्याचा वेग सांगतात, शस्त्रे सांगतात, शौर्य सांगतात. पडलेल्या विमानांचा विषय मात्र टाळतात, कारण लहान वयात अभिमान रुजावा, बाकीचे मोठेपणी कळेलच, असे त्यांना वाटते. हेतू चांगला आहे, पण विचार चुकीचा आहे. १९६५ च्या युद्धात याच शहरातून पठाणकोटला गेलेल्या व्हॅम्पायर विमानांची हकिगत त्याचा पुरावा आहे.

पहिला आक्षेप असा की, यंत्राची कारणमीमांसा मुलांच्या डोक्यावरून जाते. खरे तर मुले कारणेच विचारतात. तोंड न बांधलेला फुगा सोडला की हवा मागे जाते आणि फुगा पुढे पळतो, इतके सांगून आपण थांबतो. पण फुगा लगेच रिकामा होतो आणि जेट तासभर कसे उडते, हा पुढचा प्रश्न मुलांच्या मनात येणारच. उत्तर अवघड नाही. इंजिन पुढून हवा ओढून ती दाबते, त्यात इंधन जाळते. तापलेला वायू मागे सुटताना एक चक्र फिरवतो आणि तेच चक्र पुढची हवा दाबणारे यंत्र चालवते. मग पुढचा प्रश्न: २० सप्टेंबर १९४३ रोजी, महायुद्ध चालू असताना, इंग्लंडमध्ये प्रथम उडालेल्या व्हॅम्पायरला दोन शेपट्या का होत्या? सुरुवातीच्या जेट इंजिनांची ताकद बेताची. लांब नळीतून वायू सोडला तर त्यातली काही वाया जाई. म्हणून नळी आखूड ठेवली आणि शेपूट दोन बाजूंच्या दांड्यांवर मागे नेले. वैमानिक बसायचा तो पुढचा भाग तर लाकडी होता: मध्ये हलके बाल्सा लाकूड, दोन्ही अंगांना प्लायवुडचे पातळ थर, सगळे सरसाने चिकटवलेले. ते बनवणाऱ्या डी हॅविलंड कंपनीचा लाकडी विमानांत हातखंडा होता. सुताराने घडवलेले जेट! हे ऐकून कोणते मूल कंटाळेल?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पराभव सांगितला की मुलांचा धीर खचतो. आता घडले ते पाहू. १९४८ मध्ये व्हॅम्पायर भारतीय हवाई दलाचे पहिले जेट म्हणून आले. १ सप्टेंबर १९६५ रोजी जम्मूकडच्या छांब भागात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत होते. दुपारी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी हवाई दल वापरण्यास परवानगी दिली आणि संध्याकाळ होण्याआधी पठाणकोटहून ४५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची व्हॅम्पायर उडाली. बारा गेली, त्यांतली चार परतली नाहीत. भागवागर, भारद्वाज आणि जोशी हे तीन फ्लाइट लेफ्टनंट मारले गेले. समोर पाकिस्तानची सेबर जेट विमाने होती. सेबरचे पहिले उड्डाण १९४७ चे, म्हणजे व्हॅम्पायरनंतर अवघ्या चार वर्षांचे. पण त्या चार वर्षांत महायुद्ध हरलेल्या जर्मनीचे पंखांवरचे संशोधन हाती आले होते आणि पंख मागे कलले होते. आवाजाच्या वेगाजवळ सरळ पंखावर हवेचा रोध एकदम वाढतो, कललेल्या पंखावर तो उशिरा वाढतो. व्हॅम्पायर ताशी साधारण ८८० किलोमीटरला थकायचे, सेबर ११०० च्या आसपास जायचे. हे कळल्यावर त्या वैमानिकांचे धैर्य मुलांच्या नजरेत कमी होते का? उलट ते मोजता येते. मागे पडलेल्या विमानातून, सैनिक अडचणीत आहेत म्हणून, ती माणसे निघाली. कारण झाकले की मुलांना फक्त दोन पर्याय उरतात: आपले लोक कमी पडले, किंवा असे काही घडलेच नाही. दोन्ही खोटे आहेत.

तिसरा आक्षेप उलट बाजूचा: मुलांना युद्ध सांगूच नये, त्याने हिंसेची गोडी लागते. गोडी लागते ती अर्धवट गोष्टीने. ज्या गोष्टीत विमाने नेहमी जिंकतात आणि कुणी मरत नाही, ती गोष्ट म्हणजे खेळ. ज्या गोष्टीत तीन नावे परत येत नाहीत, ती युद्धाची किंमत शिकवते.

पूर्ण गोष्टीतून मिळते ते आणखी मोलाचे आहे. व्हॅम्पायर तातडीने आघाडीवरून काढण्यात आली. ३ सप्टेंबरला लहानखुरी, चपळ, कललेल्या पंखांची भारतीय नॅट विमाने सेबरांना भिडली. चूक ओळखून दोन दिवसांत डाव बदलणे हेही पराक्रमच आहे, आणि हा पराक्रम चूक मान्य केल्याशिवाय सांगताच येत नाही. जे मूल हे समजून घेईल, ते उद्या डोक्यावरून सुखोई गेले की फक्त ‘किती वेगाने जाते’ असे विचारणार नाही. ‘याच्यापुढे कोण येईल, आणि तेव्हा आपण तयार असू का’ असेही विचारेल. हवाई दलाला आणि देशाला हाच प्रश्न विचारणारी माणसे लागतात.