रेघेपलीकडची गार्ड



'गार्ड' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कोण उभं राहतं? बँकेच्या दारातला बंदूकवाला? की रेल्वेच्या शेवटच्या डब्यात हिरवी झेंडी घेऊन उभा असलेला माणूस? यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी आपली शकुंतला गाडी आता धावत नाही. पण तिचा गार्ड आजी-आजोबांना नक्की आठवत असेल, विचारून बघा! आज आपण मात्र तिसऱ्याच गार्डची गोष्ट ऐकू या. ही गार्ड असते बास्केटबॉलच्या मैदानावर.

बास्केटबॉलमध्ये एका संघाचे पाच खेळाडू मैदानात असतात. उंच खेळाडू बहुधा बास्केटजवळ उभे राहतात. गार्डचं काम वेगळं. चेंडूचे टप्पे टाकत तो पुढे आणायचा, कोण मोकळं आहे ते हेरायचं, तिच्याकडे अचूक पास द्यायचा आणि संधी मिळाली की लांबून स्वतःच नेम साधायचा. म्हणजे हात, पाय, डोळे आणि डोकं, चारही एकदम चालवायचे. पण एक काळ असा होता की मुलींच्या खेळात गार्डला बास्केटकडे चेंडू फेकायचीच बंदी होती. खोटं वाटतं ना? ऐका तर मग.

डिसेंबर १८९१. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाचे शिक्षक होते. बाहेर कडाक्याची थंडी, विद्यार्थी आत बसून कंटाळलेले. त्यांच्यासाठी नेस्मिथ सरांनी नवा खेळ शोधला. सभागृहाच्या सज्जाला दहा फुटांवर फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि चेंडू त्यांत टाकायला सांगितलं. टोपल्यांना बूड होतं, त्यामुळे चेंडू पडला की वर चढून काढावा लागे! बूड गेलं, लोखंडी रिंग आली, पण दहा फुटांची उंची आजही तीच आहे.

जवळच नॉर्थॅम्प्टन गावात मुलींचं स्मिथ कॉलेज होतं. तिथल्या व्यायामशिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी हा खेळ आपल्या विद्यार्थिनींना शिकवला. मार्च १८९३ मध्ये कॉलेजच्या दोन वर्गांत सामना झाला, तेव्हा पुरुष प्रेक्षकांना आत येऊच दिलं नाही. आणि बाईंनी नियमही बदलले. जास्त धावणं मुलींना सोसणार नाही, अशी त्या काळच्या लोकांची समजूत होती. म्हणून मैदानाचे तीन भाग केले. जी ज्या भागात उभी, तिनं तिथंच खेळायचं. रेघ ओलांडायची नाही.

पुढे अमेरिकेच्या मध्यभागी असलेल्या आयोवा राज्यात हा मुलींचा खेळ फार रुजला. आपल्याकडे जसा कापूस आणि सोयाबीन, तसा तिकडे मैलोन्‌मैल मका. शेतकऱ्यांच्या मुली शाळेच्या संघातून खेळायच्या आणि त्यांचा सामना बघायला अख्खं गाव लोटायचं. एका संघात सहा जणी असत. तीन फॉरवर्ड आणि तीन गार्ड. मैदानाच्या मधोमध रेघ. फॉरवर्ड मुलींनी एका अर्ध्या भागात राहून बास्केट करायची, गार्ड मुलींनी दुसऱ्या अर्ध्या भागात राहून समोरच्यांना अडवायचं. चेंडू हाती आला तर फक्त दोन टप्पे टाकायचे आणि रेघेपलीकडच्या मैत्रिणीकडे तो द्यायचा.

आता विचार करा. एखादी मुलगी शाळेत सगळी वर्षं गार्ड म्हणूनच खेळली, तर सामन्यात तिच्या नावावर किती गुण लागणार? शून्य! हाताला नेम कितीही असो.

या खेळानं खेड्यातल्या मुलींना मैदान दिलं, गावाचं कौतुक दिलं, हेही खरं. म्हणून तो लोकांचा लाडका होता. पण कॉलेजात गेल्यावर पंचाईत व्हायची. १९७१ पासून तिथल्या कॉलेजांतल्या मुली पूर्ण मैदानावर पाच जणींचा खेळ खेळू लागल्या होत्या. गार्डनं धावायचं, टप्पे टाकायचे, बास्केटही करायची. मग जिनं कधी रेघ ओलांडलीच नाही, तिनं हे सारं कुठून आणायचं? बरीच वर्षं वाद चालला. शेवटी १९९३ मध्ये आयोवातला सहा जणींचा खेळ बंद झाला आणि मधली ती बंदीची रेघ गेली.

त्यानंतर नऊ वर्षांनी, जानेवारी २००२ मध्ये, याच आयोवात एक मुलगी जन्मली. केटलिन क्लार्क. पाचेक वर्षांची झाली तेव्हा तिला बास्केटबॉल खेळायचं होतं. वडिलांनी शोध घेतला, पण तिच्या वयाच्या मुलींसाठी स्पर्धा सापडेना. मग काय केलं असेल? 'जाऊ दे, घरीच खेळ' म्हणाले? नाही. त्यांनी तिला मुलग्यांच्या स्पर्धेत घातलं. शाळा संपल्यावर २०२० मध्ये ती आपल्याच राज्यातल्या आयोवा विद्यापीठाच्या संघात गेली. जागा कोणती? गार्ड!

पहिल्याच वर्षी तिनं सामन्यामागे सरासरी २६.६ गुण केले. दुसऱ्या वर्षी तर देशभरातल्या पहिल्या दर्जाच्या कॉलेज संघांतल्या मुलींमध्ये सर्वांत जास्त सरासरी गुणही तिचे आणि बास्केटसाठी दिलेले पासही तिचेच. ३ मार्च २०२४ रोजी तिनं पीट मॅराविच या खेळाडूचा ३,६६७ गुणांचा विक्रम मागे टाकला. हा विक्रम १९७० पासूनचा होता, आणि तोही पुरुषांच्या कॉलेज खेळातला, बरं का! चार वर्षांत तिचे ३,९५१ गुण झाले. मला मात्र दुसरा एक आकडा जास्त आवडतो. तिच्या ज्या पासवर मैत्रिणींनी बास्केट केली, ते पास १,१४४ आहेत. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी तिचा संघ अंतिम सामन्यात हरला. तरी २०२४ चा तो सामना टीव्हीवर पावणेदोन कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. त्या वर्षीच्या मुलग्यांच्या अंतिम सामन्यालाही एवढे प्रेक्षक नव्हते.

ही झाली दूरदेशीची गोष्ट. आपल्या महाराष्ट्रातलंही एक नाव वहीत लिहून ठेवा, पुण्याची शिरीन लिमये. २०१७ मध्ये बंगळूरला आशिया चषकाच्या 'ब' गटात भारतीय महिलांनी कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं. फक्त दोन गुणांनी, म्हणजे एका बास्केटनं! त्या संघात शिरीन होती. २०२१ मध्ये जॉर्डनमधल्या आशिया चषकात ती भारताची कर्णधार होती.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. आमच्या शाळेत चौथीपर्यंत मुली वाऱ्यासारख्या धावतात. खो-खोत खांब गाठताना मुलग्यांना दमवतात. त्याच मुली सातवी-आठवीत गेल्या की मैदानाच्या कडेला दप्तरं सांभाळत बसलेल्या दिसतात. "मोठी झाली ना आता, कायले खेळते?" असं घरात कुणीतरी म्हटलेलं असतं. पाय तेच, दम तोच. एक रेघ तेवढी नवी पडलेली असते. ती मैदानावर दिसत नाही, म्हणून पुसायलाही कुणी उठत नाही. ती पुसणं मात्र तुमच्या हातात आहे. संध्याकाळी अर्धा तास पोरीला मैदानावर जाऊ द्या. स्वतः सोबत गेलात तर फारच छान!

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक प्रयोग. मैदानावर फक्कीनं मधोमध रेघ आखा. दोन्ही टोकांना झाडाला सायकलच्या जुन्या टायरची रिंग बांधा. आधी दहा मिनिटं आयोवाचा जुना सहा जणांचा खेळ खेळा, मुलगे-मुली मिळून. मग दहा मिनिटं रेघ विसरून पाच-पाच जणांचा. पहिल्या खेळात गार्ड असलेल्यांना काय वाटलं, ते आम्हाला पत्रानं कळवा.

जाता जाता एक गंमत. आजही बास्केटबॉलच्या मैदानावर मधली रेघ असते. पण आता आंतरराष्ट्रीय नियम काय सांगतो, ठाऊक आहे? चेंडू मिळाल्यावर ८ सेकंदांत तो रेघेपलीकडे नेलाच पाहिजे, नाहीतर चेंडू दुसऱ्या संघाला! पूर्वी रेघ ओलांडली की चूक धरत. आता ओलांडली नाही तर चूक धरतात.

बरंय तर मग, पुढच्या आठवड्यात भेटू!