पाने फिरवताना

कला शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिन उघडणे हा आमच्या इंदिरानगरात थट्टेचा विषय. “पुस्तकाची पाने सोडून हे कसले पाने फिरवतोस?” असे शेजारचे काका म्हणालेच.

बाबांची जुनी लुना जिन्याखाली पडून होती. कायनेटिकने १९७२ साली बाजारात आणलेली, ५० सीसीची ही पेट्रोलवरची मोपेड. ‘इंजिन गेले’ असा निकाल लागून भंगारवालाही ठरला होता. माझे मत असे, की टू-स्ट्रोक इंजिन भंगारात काढण्यापूर्वी घरी एकदा उघडून पाहावेच. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल जळून एक्झॉस्टच्या तोंडाशी कार्बन धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. आमच्याकडे तेच निघाले.

कार्बन बांबूच्या कामटीने खरवडावा; स्क्रू-ड्रायव्हरने अ‍ॅल्युमिनियमच्या पिस्टनवर ओरखडे उठतात. पिस्टन काढण्याआधी क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबावे, नाहीतर पिनेची सर्क्लिप आत पडते. (माझी पडली. एक अख्खी दुपार गेली.) रिंगांची तोंडे खाचेतल्या बारीक खुंटीशी जुळवूनच सिलिंडर चढवावा, जोर केला की रिंग तुटलीच. सिलिंडरला खोल चरे असतील तर मात्र शहाणपणा नको, बोअरिंगला वर्कशॉपच गाठावे.

तिसऱ्या दिवशी बाबांनी स्वतः पेडल मारले. धुराचा लोट उठला. काका गॅलरीत आले.

“कोणी दुरुस्त केली हो?”

“आमच्या चिरंजीवांनी,” बाबा म्हणाले आणि भंगारवाल्याला नको सांगायला त्याच लुनावरून गेले.